पुसून टाकण्याची विद्या



कोणी काय उभारले आणि कोणी काय जिंकले याच्या नोंदीला आपण सहसा इतिहास म्हणतो. आज आम्ही ज्या विद्येचा इतिहास आपणांपुढे मांडणार आहो, तिच्या नशिबी अशी नोंद फारशी नाही. कारण तिचे सारे कर्तृत्व पुसून टाकण्यात आहे, आणि काम उत्तम वठले तर ते झाले होते हेच कोणाला कळत नाही. चांगल्या रफूगाराची जी गत, तीच हिची. शालीवर रफू कोठे केले आहे हे दिसले, तर रफूगार कच्चा!

बोलपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक दाराकडे वळतात. त्याच वेळी पडद्यावर नावांची एक लांबलचक यादी वर सरकत असते. परदेशी चित्रपट असला, तर त्या यादीच्या शेवटाकडे बारीक अक्षरांत ‘रोटो अँड पेंट’ अशासारखे एक सदर पुष्कळदा येते आणि त्याखाली भारतीय नावांच्या रांगाच्या रांगा असतात. त्यांत मराठी आडनावेही पुष्कळ. ही मंडळी करतात तरी काय? नट दोरांवर लटकून उडालेला असतो. ते दोर ही मंडळी काढून टाकतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकावलेला ध्वनिग्राहक, खिडकीच्या काचेत उमटलेले तंत्रज्ञांचे प्रतिबिंब, उडी मारणाऱ्याच्या खाली पसरलेली गादी, पेशवाईतील देखाव्यात मागे उभा राहिलेला विजेचा खांब, हे सारे पुसावयाचे. आणि पुसलेल्या जागी जे असावयास हवे होते ते, म्हणजे आकाश, भिंत, झाडाची पाने, माणसाचा गाल, पुन्हा रंगवावयाचे. हे एका चित्रात करणे अवघड नाही. पण चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० होतात. त्यांतली प्रत्येक फ्रेम शेजारच्या फ्रेमशी जुळली पाहिजे. या विद्येची खरी मेख ही आहे.

पुसण्याची हौस चित्रपटाहून जुनी आहे. छायाचित्र आले, आणि त्यापाठोपाठ त्यात दुरुस्ती करणारा कारागीरही आला. आपल्या गावोगावच्या फोटो स्टुडिओंतून काचेची निगेटिव्ह तिरप्या चौकटीत बसवून, मागून उजेड घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीने देवीचे व्रण भरून काढीत. वधूपक्षाला त्याचा मोठा आधार असे! या निरुपद्रवी कलेची दुसरी बाजू रशियात दिसली. १९३७ साली मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनबरोबर गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह उभा होता. त्याचे छायाचित्र निघाले. १९४० साली येझोव्हला गोळी घालण्यात आली आणि त्यानंतर त्याच छायाचित्रात त्याच्या जागी कालव्याचे पाणी वाहू लागले. काम इतके सफाईदार होते, की मूळ प्रत राहिली नसती तर आपणांस संशयही आला नसता. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरंभीच सांगून ठेवीत आहो, कारण पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

चित्रपटाच्या पहिल्या काळात पुसण्यापेक्षा लपविण्यावर भर होता. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने १८९८ साली एक लहानशी फिल्म केली. तीत तो स्वतःचे मस्तक धडावेगळे करून टेबलावर ठेवतो, असे एकामागून एक करतो, आणि ती मस्तके त्याच्याशी गंमत करतात. यातले मर्म काळ्या कपड्यात आहे. काळ्यावरून उजेड परतत नाही, म्हणून फिल्मवर तेवढी जागा कोरी राहते आणि त्या कोऱ्या जागेत दुसऱ्या खेपेस दुसरे चित्र घेता येते. मेलिएसच्या फिल्मांना रंग देण्याचे काम एलिझाबेथ थ्यूलिए नावाची बाई पाहत असे. तिच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास स्त्रिया भिंगाखाली एकेक फ्रेम हाताने रंगवीत. एका स्त्रीकडे एकच रंग. फिल्मवर कुंचला चालविणाऱ्या कामगारांची ही पहिली मोठी वसाहत. दिग्दर्शकाचे नाव जगाला पाठ झाले; या बायकांपैकी बहुतेकींची नावे राहिली नाहीत.

आपल्याकडे दादासाहेब फाळके या वाटेला आले तेही हाताने चित्र घडविणारे म्हणूनच. बडोद्याचे कलाभवन, गोध्ऱ्याचा फोटो स्टुडिओ, पुराणवस्तु खात्यातील नोकरी, लोणावळ्याचे मुद्रण आणि रविवर्म्याच्या चित्रांचे छापकाम, शिवाय जादूचे प्रयोग! १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ चा ‘लंकादहन’ ज्या माणसाने केला, त्याला काच, रंग, रसायन आणि नजरबंदी या चारही गोष्टी बोटांनी ठाऊक होत्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगविता रंगविताच चित्रपटात आले. संगीत नाटकांतील ट्रिकसीनची आवड आपल्या प्रेक्षकांत आधीच मुरलेली होती. मारुती उडाला पाहिजे, सुदर्शनचक्र फिरले पाहिजे, आणि दोर दिसता कामा नये. कळसूत्री बाहुलीची दोरी दिसली तरी कोणी रागावत नाही; तेथे तो करारच असतो. चित्रपटाने हा करार मोडला. दोरी दिसली की देवाचा नट होतो.

या लपाछपीत १९३३ साल मोलाचे आहे. त्या वर्षी युनिव्हर्सल कंपनीचा ‘द इनव्हिजिबल मॅन’ आला. अदृश्य माणसाने कपडे घातले तर केवळ कपडे हिंडताना दिसले पाहिजेत. जॉन फुल्टन या तंत्रज्ञाने मेलिएसचाच काळा कपडा घेतला. पण किती मोठ्या प्रमाणावर! सबंध दालन काळ्या मखमलीने मढविले, नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळले, त्यावर कपडे चढविले आणि त्याला श्वास घेता यावा म्हणून पाणबुड्याप्रमाणे नळ्या घातल्या. ते चित्र खोलीच्या चित्राशी जोडले. तरीही नटाला पाहण्यासाठी भोके ठेवावी लागली होती आणि ती भोके फिल्मवर दिसत होती. मग काय केले? बारीक कुंचला आणि अपारदर्शक रंग घेऊन कारागीर बसले आणि एकेक फ्रेम दुरुस्त केली. अशी हाताने सुधारलेली फिल्म सुमारे ४,००० फूट भरली. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ६४,००० चित्रे! आणि फ्रेम केवढी, तर टपालाच्या तिकिटाएवढी. तीवर चुकून पडलेला केसाएवढा फराटा पडद्यावर हातभर होतो. वायर पुसण्याच्या विद्येचा आरंभ कोठून धरावा असे कोणी विचारले, तर आम्ही या ४,००० फुटांकडे बोट दाखवू.

हा चित्रपट हिंदुस्थानात आला आणि त्याचा परिणाम मुंबईत एका सुरतेच्या तरुणावर झाला. बाबूभाई मिस्त्री त्याचे नाव. प्रकाश पिक्चर्सचे विजय भट्ट यांना त्याच धर्तीचा चित्रपट हवा होता. मखमलीचे दालन, यंत्रसामग्री, प्रयोगशाळा हे काही हाताशी नव्हते. बाबूभाईंनी काळा पडदा टांगला, काळा दोरा घेतला आणि उजेड असा बेताने सोडला की दोरा पडद्यात विरून जावा. वस्तू आपोआप हलू लागल्या. १९३७ चा ‘ख्वाब की दुनिया’ असा उभा राहिला आणि बाबूभाईंना ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळाले. पुढे वाडियांच्या आणि स्वतःच्या पौराणिक चित्रपटांतून त्यांनी कित्येक दशके देव उडविले, राक्षस गडप केले. आम्हांस या गृहस्थांविषयी आदर वाटतो तो अशासाठी, की मागाहून पुसता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांना आधी पाहावे लागे. दोरा कोठे चमकेल, कोणत्या कोनात विरेल, हे चित्रणाच्या आधी डोक्यात पक्के. ही परंपरा १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’पर्यंत चालली, तेथे पीटर परेरा यांनी बहुतेक सारी किमया कॅमेऱ्यातच साधली.

मागाहून पुसण्याची अडचण होती ती फिल्मच्या स्वभावात. दोन चित्रे जोडावयाची तर एका फिल्मवरून दुसरीवर पुन्हा चित्रण करावे लागे. प्रत्येक नकलेबरोबर चित्र भरड होई, रंग फिके पडत. हाताने रंगवावे तर फ्रेमगणिक कुंचल्याचा फटकारा किंचित वेगळा पडे आणि पडद्यावर ती जागा खदखदू लागे. म्हणून कुशल माणसे दोर पुसण्यापेक्षा ते आकाशाच्या रंगाचे रंगवीत, बारीक तार वापरीत, वा दिग्दर्शकाला दृश्य तोकडे करावयास सांगत.

यातून सुटका करणारी वाट अनपेक्षित ठिकाणी निघाली. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तेथे रिचर्ड शूप याने १९७३ साली ‘सुपरपेंट’ नावाची व्यवस्था उभी केली. चित्राचा प्रत्येक ठिपका संगणकाच्या स्मृतीत आकड्याच्या रूपाने ठेवावयाचा आणि पाटीसारख्या फलकावर लेखणी फिरवून ते आकडे बदलावयाचे, ही तिची कल्पना. त्या पडद्यावर ओळीत ६४० ठिपके आणि अशा ४८६ ओळी. रंग एका वेळी २५६. आज हे बालिश वाटेल. पण यातली क्रांती अशी, की आकड्याची नक्कल भरड होत नाही. शंभराव्यांदा नक्कल केली तरी ७ चे ७ च राहतात. झेरॉक्सला मात्र रंगीत चित्रांत काही राम दिसेना. शूपचा सहकारी आल्वी रे स्मिथ तेथून बाहेर पडला आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला. तेथे त्याने कोट्यवधी रंगांचा पेंट-कार्यक्रम लिहिला. तेथेच त्याने आणि एड कॅटमल याने प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांच्या आकड्यांबरोबर चौथा आकडा जोडला: हा ठिपका किती पारदर्शक? या चौथ्या आकड्याला ते ‘अल्फा’ म्हणू लागले. मेलिएसचा काळा कपडा आता आकडा होऊन बसला होता! टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली त्याचे गणित नीट बांधून दिले. शूप, स्मिथ आणि पोर्टर यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९८ साली याच पेंट-व्यवस्थांबद्दल गौरविले, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

चित्रपटाला ही विद्या लागू पडण्यासाठी फिल्म संगणकात नेणे आणि परत फिल्मवर आणणे आवश्यक होते, आणि हे काम अवाढव्य होते. फिल्मच्या फ्रेमसाठी २०४८ गुणिले १५५६ ठिपके हा माप रूढ झाला; म्हणजे एका फ्रेमचे सुमारे ३२ लाख ठिपके. तरी १९८६ च्या ‘हॉवर्ड द डक’मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने तारा पुसल्या, संगणकाने वायर काढण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. चित्रपट साफ पडला, तंत्र उरले. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये मोटारसायकल पुलावरून कोरड्या कालव्यात झेप घेते. ती आणि तिच्यावरचा साहसवीर जाड केबलांना टांगलेले होते. केबली मागाहून पुसल्या. येथून काळ्या दोऱ्याची बाजू पालटली. दोर बारीक असण्याची गरज उरली नाही. उलट तो चांगला जाड, मजबूत आणि स्पष्ट दिसणारा असला तर बरे, नटाचा जीव सुरक्षित. १९९३ च्या ‘क्लिफहँगर’मध्ये कड्यावर लोंबकळणारा नायक असाच दोरांनी बांधलेला होता. या विद्येने जगात कोणाचे भले केले असेल, तर पहिल्याप्रथम साहसदृश्ये करणाऱ्यांचे.

१९९४ चा ‘फॉरेस्ट गंप’ मात्र वेगळ्या कारणासाठी आठवावा. त्यात युद्धात पाय गमावलेला लेफ्टनंट डॅन आहे. नट गॅरी सिनीझ याचे पाय धडधाकट. गुडघ्याखाली निळे कापड गुंडाळून चित्रण केले आणि ते पाय मागाहून पुसले. त्यांच्यामागची जमीन, खाट, चादर पुन्हा उभी केली. मौज अशी, की याच चित्रपटात काही ठिकाणी रिकी जे या जादूगाराच्या सल्ल्याने बनविलेली फसवी चाकाची खुर्चीही वापरली होती. पाय आत दुमडून घेता येतील अशी. मखमलीवाले आणि संगणकवाले एकाच दृश्यमालिकेत खांद्याला खांदा लावून बसले. प्रेक्षकांनी त्या पात्राचे दुःख पाहिले आणि पाय कोठे गेले हे विचारलेच नाही.

आता ही विद्या शिकावयाची कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतील मुले आज हीच शिकत असतील आणि दिवसभर संगणकापुढे बसून ती काय करतात हे वडीलधाऱ्यांना उमजत नसेल. नवशिक्याचा समज असा, की हातात कुंचला घ्यावा आणि दोरावर फिरवावा. जाणता शिक्षक त्याला आरंभी कुंचला हातात घेऊच देत नाही. दृश्य पुढे-मागे वीस वेळा चालवून पाहा म्हणतो. कॅमेरा हलतो आहे का? दोरामागची भिंत कोणत्या फ्रेमला मोकळी दिसते? पंचविसाव्या फ्रेमला दोराने झाकलेली वीट चाळिसाव्या फ्रेमला उघडी पडली असेल, तर ती तेथून आणावी. रफूगारही बाजारातून नवे सूत आणीत नाही. त्याच वस्त्राच्या आतल्या दुमडीतून धागा काढतो. संगणकातल्या ज्या कुंचल्याला ‘क्लोन’ म्हणतात तो हेच करतो: रंग लावीत नाही, शेजारचा वा मागच्या-पुढच्या फ्रेममधला तुकडा उचलून आणतो. चित्रीकरण करणारे शहाणे असले तर नट नसलेले तेच दृश्य आणखी एकदा घेऊन ठेवतात. त्याला ‘क्लीन प्लेट’ म्हणतात. ती हाती असली की अर्धे काम झाले. ती पुष्कळदा नसते.

मग दुसरा धडा. जे एकदा रंगविता येईल ते शंभरदा रंगवू नये. एका फ्रेममध्ये स्वच्छ ठिगळ तयार करावे आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढून ते सर्व फ्रेमना चिकटवावे. म्हणजे खदखद होत नाही. पण ठिगळ चिकटले तरी ते चिकटल्यासारखे दिसता कामा नये. उजेड बदलला तर ठिगळाचा उजेड बदलला पाहिजे. कॅमेऱ्याच्या भिंगाने कडा मऊ केल्या असतील तर याच्याही मऊ झाल्या पाहिजेत. आणि फिल्मवर जे बारीक कण सतत वळवळत असतात, तेही त्या ठिगळावर तसेच वळवळले पाहिजेत. नवशिक्याचे काम येथेच उघडे पडते: पुसलेली जागा मेणचट दिसते, सारे चित्र जिवंत आणि तेवढाच तुकडा मेलेला. परीक्षक चित्राचा उजेड वारेमाप वाढवून पाहतो, म्हणजे अंधारात दडलेले फराटे बाहेर येतात. निळ्या आकाशावरचा दोर हा बालवर्ग. मग विटांची भिंत. मग हलणारी पाने, वाहते पाणी, आणि सर्वांत शेवटी माणसाचा चेहरा व केस. गालावरून गेलेला दोर पुसताना त्या गालावरचा भाव पुसला गेला, तर काम फुकट. तेथे नुसते तंत्र पुरत नाही. नटाच्या चेहऱ्याचा स्नायू कसा हलतो हे ठाऊक असावे लागते. आमच्या मते या मुलांना महिनाभर कागद-पेन्सिल देऊन माणसे काढावयास बसविले तर संगणकाच्या वर्गापेक्षा अधिक लाभ होईल. पण असे वर्ग चालविणाऱ्यांना हे सांगावे कोणी! त्यांच्या जाहिरातींत नोकरीची हमी असते, चित्रकलेचा उल्लेख क्वचित.

साधनांची नावे बदलत गेली: मॅटाडोर, कमोशन, सिल्हूट, मोका, न्यूक. त्यांची यादी करण्यात आम्हांस रस नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे काम नव्वदीच्या अखेरीपासून हळूहळू पश्चिमेकडून आपल्याकडे वाहू लागले. जाळ्यावरून चित्रे पाठविता येऊ लागली आणि लॉस एंजेलिसला संध्याकाळ होते तेव्हा मुंबईत सकाळ असते. १९९७ साली मुंबईत सुरू झालेली प्राइम फोकस ही संस्था २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २०२२ साली मुंबईत शाखा उघडली. मध्यंतरी सपाट चित्रपट त्रिमित करण्याची लाट आली, तेव्हा तर या विद्येला उधाण आले. उजव्या डोळ्यासाठी चित्र किंचित सरकवावे तर नटाच्या मागची झाकलेली पट्टी उघडी पडते. तेथे काय होते हे कॅमेऱ्याने कधी पाहिलेलेच नसते. ती पट्टी रंगवावयाची, प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक माणसाच्या कडेने. थ्यूलिएबाईच्या कारखान्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. एकाकडे कडा, एकाकडे ठिगळ, एकाकडे कण. सबंध चित्रपट कोणाच्याच हाती नाही. रात्रपाळ्या होतात, मुदती पाळाव्या लागतात, आणि श्रेयनामावलीत जागा मर्यादित असल्याने कित्येकांची नावे गळतात. पुसणाराच पुसला जातो.

या धंद्याचा पायाही वाटतो तितका भक्कम नाही. ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ ज्यांनी घडविला, त्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेने २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि आपल्याकडच्या हजारो तरुणांची नोकरी गेली. शिवाय आता यंत्रच पुसावयास शिकले आहे. फोटोशॉपमध्ये २०१० साली आणि चलच्चित्रांसाठी आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ साली अशी सोय आली, की नको असलेली वस्तू वेढून दाखवावी आणि संगणकाने मागचा भाग आपणच भरून काढावा. त्यानंतर तर ही बुद्धी झपाट्याने वाढली आहे. निळ्या आकाशावरचा दोर यंत्र आज सहज पुसते. केस, पाणी आणि चेहरा यांसाठी अजून माणूस लागतो. प्रश्न असा, की बालवर्गच बंद झाला तर चेहऱ्यापर्यंत पोचणारा माणूस कोठून यावयाचा? काळा दोरा हाताळल्यावाचून बाबूभाई झाले नव्हते. याचे उत्तर धंदा चालविणाऱ्यांनी अद्याप दिलेले नाही. त्यांचे लक्ष या वर्षीच्या खर्चाकडे आहे.

आता आरंभी ज्या छायाचित्राचा उल्लेख केला होता तिकडे वळू. पुसण्याची शक्ती एवढी वाढल्यावर काय पुसू नये हा प्रश्न येतोच. डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ हा १९९३ साली कोडॅकच्या सिनेऑन व्यवस्थेवर सबंध संगणकात घेण्यात आला, धूळ आणि ओरखडे काढण्यात आले आणि पुन्हा फिल्मवर उतरविण्यात आला. ८३ मिनिटे, म्हणजे १,१९,५२० फ्रेम. असे काम करणाऱ्यापुढे दोन प्रकारची धूळ असते. एक पुढच्या पन्नास वर्षांत फिल्मवर साचलेली. ती काढली तर कोणाची तक्रार नाही. दुसरी मूळ चित्रणाच्या वेळीच काचेखाली सापडून चित्रित झालेली. ती चित्राचा भाग की मळ? स्पीलबर्गने ‘ई. टी.’च्या २००२ च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातांतील बंदुका पुसून तेथे वॉकी-टॉकी दिले. प्रेक्षकांना ते रुचले नाही, पुढे त्यालाही पश्चात्ताप झाला आणि २०१२ च्या आवृत्तीत बंदुका परत आल्या. मूळ निगेटिव्ह सांभाळलेली होती म्हणून हे शक्य झाले. येझोव्हच्या बाबतीतही सत्य टिकले ते जुनी प्रत कोठेतरी राहिली म्हणून.

१९५३ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची कथा याहून नाजूक आहे. त्यातली मंगळवासीयांची याने तारांना टांगलेली होती. त्या काळच्या टेक्निकलर छपाईत रंग एकावर एक चढविले जात, त्यामुळे चित्र किंचित मऊ होई आणि तारा त्यात बुडून जात. पुढे त्याच निगेटिव्हवरून निराळ्या पद्धतीच्या, अधिक रेखीव प्रती निघाल्या, मग डीव्हीडी आली, आणि तारा लख्ख दिसू लागल्या. एका सबंध पिढीने त्या पाहून हसून घेतले. अलीकडील पुनरुद्धारात त्या पुन्हा दिसेनाशा केल्या. काही रसिकांनी ही लबाडी आहे अशी ओरड केली. आमचे मत असे, की येथे पुसणारेच इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहिले, कारण १९५३ च्या प्रेक्षकाला जे दिसले तेच त्यांनी पुन्हा दाखविले. पण तेच हात उद्या फाळक्यांच्या फिल्मवर चालले, तर आम्ही इतके निश्चिंत राहणार नाही.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले. २००३ साली नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि पुष्कळ काही कायमचे गेले. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उरला आहे. अशा जुन्या फिल्मवर सर्वांत जास्त काय आढळते, तर उभे ओरखडे. यंत्रातून फिल्म धावताना वरून खाली ओढली जाते, म्हणून ओरखडाही उभाच पडतो: बारीक, सरळ, काळा किंवा पांढरा. ओरखडे ओळखणारा संगणकाचा कार्यक्रम अशीच बारीक उभी रेघ शोधीत असतो. पावसाच्या धारा, ठिणग्या, वेगाने फिरणारी काठी अशा गोष्टी मळ समजून तो पुसून टाकतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. आणि वरून टांगलेला दोरा तरी पडद्यावर कसा दिसतो? बारीक, उभा, सरळ. म्हणून पुनरुद्धाराच्या शाळेत यंत्राने पुसून दिलेले चित्र तसेच स्वीकारीत नाहीत. मूळ फ्रेमची नक्कल हात न लावता जपून ठेवतात, काय पुसले याची नोंद करतात, आणि एक माणूस संगणकापुढे बसून पुसलेली व न पुसलेली फ्रेम आळीपाळीने पाहतो. ती रेघ काळाने ओढली की कारागिराने टांगली, हे त्याला फ्रेमगणिक ठरवावे लागते.